तबकडीतले चित्र आणि पडद्यावरचे चित्र

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला आणि आम्ही तो सांगितला, तेव्हा फोनच्या पलीकडे क्षणभर शांतता पसरली. कामगार चळवळीतला माणूस किमान वेतनावर बोलेल, कंत्राटी पद्धतीवर बोलेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. संगणकावर डीव्हीडी लावली असता चित्र चांगले कसे दिसेल, हा विषय एखाद्या दुकानदाराचा. तो आमच्या वाट्याला कसा आला, हे आधी सांगितले पाहिजे.

आम्ही विज्ञानाचे पदवीधर नव्हे. दहावीत गाडी अडली, त्यानंतर इचलकरंजीत यंत्रमागावर उभे राहिलो, आणि पुढे जे काही शिकलो ते सार्वजनिक ग्रंथालयाच्या कृपेने व चुका करकरून. तेव्हा आमच्या बोलण्यात पंडिताचा डौल नसेल. परंतु जे सांगू ते हाताने करून पाहिलेले सांगू, एवढी हमी देतो.

2005 साली मजुरीवाढीच्या मागणीसाठी आमच्या संघटनेची एक मोठी सभा झाली. एका कार्यकर्त्याच्या मेहुण्याचा लग्ने चित्रित करण्याचा धंदा होता. त्याने आपल्या कॅमेऱ्यावर ती सभा टिपली आणि दोन डीव्हीडी करून दिल्या. त्या कपाटात पडून राहिल्या. त्या सभेत ज्यांचे मुख्य भाषण झाले, ते आमचे ज्येष्ठ सहकारी 2021 साली वारले. पुढल्या वर्षी 1 मेच्या संध्याकाळी ते भाषण सर्वांस दाखवावे असे ठरले. कार्यालयातला संगणक, उसना आणलेला प्रोजेक्टर, भिंतीवर पांढरी चादर, असा सगळा थाट झाला. चित्र सुरू झाले. आवाज तर हुबेहूब तोच. पण बोलताना हात उंच करण्याची त्यांना सवय होती, आणि हात हलला की त्याच्या कडा आडव्या चिरत. बोटांच्या जागी जणू फणीचे दाते. मान वळवली की चेहऱ्याच्या चिंध्या होत. पहिल्या रांगेत त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, ह्यांचा हात असा फाटल्यागत का दिसतोय?"

"वहिनी, तबकडी जुनी झालीय. खराब झाली असंल," आम्ही उत्तर दिले.

हे उत्तर साफ चूक होते. तबकडीत काहीही बिघाड नव्हता. त्यांचा हात तबकडीत शाबूत होता. आमचा संगणक तो फाडून दाखवत होता. हे कळण्यास आम्हांस दोन महिने लागले, आणि त्या दोन महिन्यांत आम्ही पैसेही घालवले. एका दुकानात सांगण्यात आले की ग्राफिक कार्ड नवे घ्या, चित्र सुधारेल. सभासदांच्या वर्गणीतून चौदा हजार काढण्याचे धाडस आम्हांस झाले नाही, हे नशीब. दुसऱ्या एका दुकानात तबकडीवरून 'एचडी फाईल' करून देतो म्हणाले. तेथे आम्ही फसलो. पैसे देऊन पेन ड्राइव्हवर जी फाईल घरी आली तिच्यातही हात फाटलेलाच होता, फक्त आता तो मोठ्या आकारात फाटला होता. मूळ तबकड्या आम्ही मागून परत आणल्या होत्या, म्हणून पुढचे सगळे निभावले.

आता दोष कोठे होता ते पाहू. दूरदर्शनसंच जेव्हा काचेच्या नळीचे होते, त्या काळी चित्र पाठवण्याची एक युक्ती निघाली. संपूर्ण चित्र एकदम न पाठवता आधी त्याच्या विषम रेघा पाठवायच्या, म्हणजे पहिली, तिसरी, पाचवी अशा. आणि लगेच सम रेघा, म्हणजे दुसरी, चौथी, सहावी. आपल्याकडे 1982 साली रंगीत प्रक्षेपण सुरू झाले ते पाल नावाच्या पद्धतीने. तिच्यात दृश्य चित्राच्या 576 रेघा असतात. पैकी 288 रेघा सेकंदाच्या पन्नासाव्या भागात आणि उरलेल्या 288 पुढल्या पन्नासाव्या भागात. म्हणजे सेकंदाला 50 अर्धी चित्रे. नळीच्या पडद्यावरची रेघ उजळून लगेच मंद होई, तोवर दुसऱ्या हप्त्याच्या रेघा येत, आणि आपल्या डोळ्याला सलग हालचाल दिसे. पाठवण्याचा माल निम्मा, आणि तरीही लुकलुक नाही. युक्ती मोठी नामी होती.

माग चालवणाऱ्यास हे समजावून सांगावे लागत नाही. साध्या विणीत एका वेळी उभ्या धाग्यांतले एकाआड एक धागे वर उठतात, मधून धोटा जातो. मग ते खाली येतात आणि दुसरे उठतात. दोन फेऱ्या मिळून वीण होते. या चित्राचेही तसेच, फक्त इथल्या दोन फेऱ्या दोन निरनिराळ्या क्षणांच्या आहेत. लग्नाच्या कॅमेऱ्याने विषम रेघा टिपल्या त्या क्षणी हात छातीपाशी होता. सम रेघा टिपल्या तोवर तो दोन बोटे वर गेला होता. नळीच्या संचावर या दोन फेऱ्या दोन वेळांनाच दिसत, म्हणून काही बिघडत नसे. संगणकाचा पडदा मात्र सगळ्या रेघा एकदम दाखवतो. त्याने दोन्ही फेऱ्या एकात एक गुंफून एकच चित्र म्हणून पुढे ठेवल्या, की हात एकाच वेळी दोन ठिकाणी. विषम रेघांवर एक हात, सम रेघांवर दुसरा. स्थिर वस्तू ठीक दिसते, व्यासपीठ ठीक, मागचा फलक ठीक. जे हलते तेवढेच फाटते. आमच्या सभेत खांब नीट दिसत होता आणि माणूस फाटत होता, याचे कारण हे.

यावर उपाय आहे, आणि तो फुकट आहे. व्हीएलसी नावाचा एक प्रोग्राम आहे. 1996 साली पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी आपल्या वसतिस्थानाच्या जाळ्यावरून दूरदर्शनचे कार्यक्रम पाहता यावेत म्हणून जे काम हाती घेतले, त्यातून तो जन्मला. आणि 2001 पासून तो कोणासही वापरण्यास, उघडून पाहण्यास, सुधारण्यास मोकळा केलेला आहे. (आमच्यासारख्याला ही हकीगत सांगताना अंमळ आनंद होतो, तो श्रोत्यांनी क्षम्य मानावा.) तो सुरू करून तबकडी लावावी. वरच्या पट्टीत 'व्हिडिओ' म्हणून शब्द आहे, त्याखाली 'डीइंटरलेस' आहे. ते 'ऑन' करावे. त्याच्याच खाली 'डीइंटरलेस मोड' आहे. त्यात 'याडिफ (2एक्स)' निवडावे. बस्स. ही युक्ती प्रत्येक फेरीच्या रेघा वेगळ्या काढते, मधल्या गाळलेल्या रेघा आजूबाजूच्या रेघांवरून व मागच्यापुढच्या क्षणांवरून अदमासाने भरते, आणि सेकंदाला 25 गुंफलेल्या चित्रांऐवजी 50 पुरी चित्रे दाखवते. हालचाल पूर्वीच्या संचावर दिसे तशी मऊ होते. त्याच यादीत 'ब्लेंड' म्हणून एक प्रकार आहे, तो दोन्ही क्षण एकमेकांत कालवतो. दाते जातात पण हातामागे भूत दिसू लागते. 'डिस्कार्ड' हा प्रकार निम्म्या रेघा सरळ टाकून देतो. ते दोन्ही घेऊ नयेत. 'ऑटोमॅटिक' वर ठेवले तर प्रोग्राम तबकडीत नोंदलेल्या खुणेवर विसंबतो. खूणच चुकीची उमटली असेल तर उपाय लागूच होत नाही. म्हणून घरगुती चित्रणासाठी आम्ही 'ऑन'च ठेवतो.

पण एवढ्यावरून प्रत्येक तबकडीला हेच औषध लावायचे नाही. चित्रपट हा फितीवर सेकंदाला 24 चित्रे या हिशेबाने टिपलेला असतो, आणि प्रत्येक चित्र पुरे असते. पाल पद्धतीच्या तबकडीवर तो किंचित वेग वाढवून 25 चित्रांनी दाखवतात. तेथे दोन्ही फेऱ्या एकाच क्षणाच्या, म्हणून दाते निघण्याचे कारण नाही. औषध देऊ नये, दिल्यास बारीक तपशील थोडा मऊ पडतो. अमेरिकन पद्धत एनटीएससी. तिच्यात 480 रेघा आणि सेकंदाला जवळजवळ 30 चित्रे. 24 चित्रे 30च्या घरात बसवायची म्हणून तेथे एक कसरत करतात: एका चित्राच्या दोन फेऱ्या, पुढच्याच्या तीन, अशा आळीपाळीने देतात. चार चित्रांतून पाच होतात, आणि त्या पाचांतली दोन मिश्र निघतात. अशा तबकडीवर थोडा वेळ ठीक, थोडा वेळ फाटके, असे चित्र आलटून पालटून दिसते. आपल्या बाजारात विकल्या गेलेल्या चित्रपटांत या पद्धतीच्याही तबकड्या सापडतात. त्यांच्यासाठी त्याच यादीत 'फिल्म एनटीएससी' हा प्रकार आहे. तो मिश्रण सोडवून मूळची 24 चित्रे परत जुळवतो. थोडक्यात, चित्र मध्येच थांबवावे, हलणाऱ्या माणसाच्या कडेकडे पाहावे. दाते सतत असतील तर याडिफ, अधूनमधून असतील तर हा दुसरा, आणि नसतील तर काहीच करू नये.

आता ज्या दुकानाने आम्हांस फाईल करून दिली, त्याची चूक काय ते सांगतो, कारण ती चूक गावोगाव होत आहे आणि लोकांच्या घरचे ऐवज तिच्यात जात आहेत. दोन फेऱ्या आधी सोडवायच्या आणि मग चित्र मोठे करायचे, हा क्रम. त्यांनी चित्र आधी मोठे केले. 576 रेघांच्या 720 करताना प्रत्येक नवी रेघ शेजारच्या रेघांच्या मिश्रणातून बनते. म्हणजे हात छातीपाशी असतानाची रेघ आणि हात वर गेल्यानंतरची रेघ एकमेकांत कालवली गेली. विणलेले कापड उसवता येते. त्याचा लगदा करून कागद केला, की त्यातून धागा कोण काढील? त्या फाईलवर मग याडिफ चालत नाही, दुसरे काही चालत नाही. ज्यांनी अशा फाईली करून घेऊन मूळ तबकड्या फेकल्या, त्यांचे काही होण्यासारखे नाही. आम्हांस ठाऊक असलेली अशी दोन घरे आहेत, आणि एकात मुलीच्या लग्नाचे चित्रण होते.

'एचडी' या शब्दाचा हिशेबही एकदा मांडू. पाल डीव्हीडीच्या एका चित्रात आडवे 720 आणि उभे 576 ठिपके, गुणाकार 4,14,720. आज घरोघर असलेल्या फुल एचडी पडद्यावर 1920 गुणिले 1080, म्हणजे 20,73,600. बरोबर पाचपट. रुंद चित्राची तबकडी अशा पडद्यावर भरून लावली, की दर पाच ठिपक्यांतला एक तबकडीतला आणि चार संगणकाने अंदाजाने भरलेले, असे समजण्यास हरकत नाही. 'फोरके' पडद्यावर तेच प्रमाण वीसास एक होते. मोठा पडदा घेतल्याने तबकडीत नसलेला ठिपका उत्पन्न होत नाही. पडद्याजवळ बसून तक्रार करण्यापेक्षा खुर्ची चार हात मागे घेतली तर डोळ्याला अधिक सुख होते, आणि त्यास खर्च नाही. 'शार्पनेस'ची पट्टी पुढे सरकवून चित्र धारदार करण्याचा मोह होतो; तिने कडांना पांढरी झालर मात्र येते.

शिवाय ते 4,14,720 ठिपकेही तबकडीत जसेच्या तसे नसतात. तसे ठेवायचे म्हटले तर दर सेकंदाला सुमारे 124 मेगाबिट माल होईल. साधी डीव्हीडी 4.7 गिगाबाइटची, दोन तासांचे चित्रण बसवायचे तर सेकंदाला पाच मेगाबिटच्या थोडे वर हाती लागतात, म्हणजे चोविसावा हिस्सा. म्हणून चित्र आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटींत कापून, ज्यावाचून डोळ्याचे अडत नाही ते टाकून, दाबून भरतात. दोन तासांपर्यंत हे निभते. पण पैसे वाचवण्यासाठी एकाच तबकडीवर सहा तास भरले, की त्या चौकटी उघड दिसू लागतात. गर्दी हलली की सभा फरशीसारखी दिसते. हा दोष तबकडीतलाच. तो आम्ही वा आपण घालवू शकत नाही.

रंग धुतल्यासारखे, काळे केस राखाडी, असे दिसत असेल तर मात्र तो बहुधा संगणकाचाच दोष. चित्रफितीच्या हिशेबात काळा म्हणजे 16 आणि पांढरा म्हणजे 235. संगणकाच्या पडद्यावर काळा 0 आणि पांढरा 255. मधे कोणीतरी हे माप बदलून द्यावे लागते. ते न बदलल्यास 16चा काळा हा खरा काळा न राहता करडा दिसतो. उलट ते दोनदा बदलले गेले, तर अंधारातले सगळे एकाच काळ्यात बुडते. खोलीतला दिवा घालवून, चित्राच्या वर-खाली ज्या काळ्या पट्ट्या असतात त्यांच्याकडे पाहावे: त्या राखेसारख्या उजळ दिसल्या तर ग्राफिक कार्डाच्या मांडणीत व्हिडिओच्या रंगांखाली 'लिमिटेड' आणि 'फुल' असे जे दोन पर्याय असतात, ते बदलून पाहावेत. आमच्या कार्यालयात एका टिचकीने सभेच्या रात्रीला रात्र आली.

माणसे जाडी वा उंच दिसणे ही तिसरी तक्रार. तबकडीतले ठिपके चौरस नसतात. तेच 720 ठिपके चार बाय तीनच्या जुन्या आकारात किंवा सोळा बाय नऊच्या रुंद आकारात दाखवायचे असतात. 'आस्पेक्ट रेशिओ' मध्ये योग्य तो निवडला की पुढारी पुन्हा आपल्या अंगलटीचे होतात. चारी बाजूंना काळी चौकट आणि मध्ये लहान चित्र असे दिसले तर आकार ताणू नये, 'क्रॉप' मधून 16:9 निवडावे. प्रोजेक्टर वापरणाऱ्यांनी त्याचा मूळ ठिपक्यांचा आकडा पाहून संगणक त्याच आकड्यावर ठेवावा. आमचा उसना प्रोजेक्टर 1024 बाय 768चा होता आणि संगणक भलत्याच आकड्यावर. त्यामुळे आधी संगणक चित्र वाढवी आणि मग प्रोजेक्टर ते पुन्हा आटवी, अशी दोनदा ओढाताण होऊन अक्षरे पुसट पडत.

तबकडी पुसल्याने चित्र स्वच्छ होते, ही समजूत फार पसरलेली आहे. ध्वनिफितीचे तसे असे. घासली की आवाज बसत जाई. डीव्हीडीवर आकडे आहेत. ओरखड्याने चार आकडे बुडाले तर दुरुस्तीसाठी आधीच जादा लिहून ठेवलेल्या आकड्यांवरून ते पूर्ववत मिळतात, आणि चित्र अगदी मूळचेच दिसते. बुडाले ते दुरुस्तीपलीकडे गेले, तर चित्र गोठते, चौकटी उडतात. मधली अवस्था नाही. म्हणजे पुसण्याने अडखळणे थांबेल. पुसट चित्र धारदार होणार नाही. पुसायचेच तर मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावे, गोल गोल नव्हे. गोल ओरखडा वाचनाच्या मार्गाबरोबर जातो आणि एका ठिकाणचे सलग पुष्कळ आकडे बुडवतो.

आणि हे सर्व लवकर करावयाचे आहे. घरी वा दुकानात एकएकटी लिहिलेली तबकडी रंगद्रव्याच्या थरावर लिहिलेली असते, कारखान्यात ठशाने छापलेली नव्हे. उन्हाने, उष्णतेने तो थर उतरत जातो. शिवाय वाचणारी यंत्रेच जात आहेत. 2012 साली आलेल्या विंडोज 8 पासून मायक्रोसॉफ्टने संगणकाबरोबर डीव्हीडी दाखवण्याची सोय देणे बंद केले, आणि नव्या लॅपटॉपांत तबकडी घालण्याची फटच नसते. बाहेरून यूएसबीने जोडायची ड्राइव्ह मिळते, ती एक घेऊन ठेवावी. आपल्या स्वतःच्या चित्रणाची तबकडी लावून तिच्यातली 'व्हिडिओ टीएस' नावाची सगळी फाईलपेटी जशीच्या तशी हार्ड डिस्कवर उतरवावी. काही बदलू नये, दाबू नये, 'कन्व्हर्ट' करू नये. चार-साडेचार गिगाबाइट जागा लागेल. जागा आता स्वस्त आहे. व्हीएलसी ती पेटी तबकडीसारखीच वाचते. बाजारच्या चित्रपटांना कुलूप असते व कायदाही आहे. आम्ही बोलतो आहोत ते आपल्या घरच्या आणि संस्थांच्या चित्रणाबद्दल.

त्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही तीच सभा पुन्हा दाखवली, प्रोजेक्टरवर नव्हे, कार्यालयातल्या संगणकाच्या पडद्यावर, सातआठ माणसांत. वहिनींना घरून बोलावून आणले. हात वर गेला आणि पाची बोटे दिसली. त्यांनी दोनदा चित्र थांबवायला सांगितले. दुसऱ्यांदा थांबवले तेव्हा म्हणाल्या, "हा शर्ट नंतर थोरल्यानं वापरला." मग पुढे चालू करायला सांगितले, आणि भाषण संपेपर्यंत कोणी बोलले नाही.

आमच्या कार्यालयातल्या कपाटात अशा एकतीस तबकड्या निघाल्या. आजवर सत्तावीस उतरवून झाल्या. तीन वाचल्याच जात नाहीत, एक कोणी नेली ती परत आलेली नाही. सभागृहातल्या ज्या कोणाकडे अशा तबकड्या असतील आणि वाचणारे यंत्र नसेल, त्यांनी त्या घेऊन यावे. कार्यालय संध्याकाळी सहानंतर उघडे असते. दोन तासांची तबकडी उतरायला पाऊण तास धरा. तोवर चहा होतो.